क्षमा करणारे आपण कोण?

नानावटी खटल्याच्या दिवसांत मुंबईचे फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ विकत. सोबत ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाचं खेळण्यातलं पिस्तूल. लोक हसत हसत घेत. तो टॉवेल एका मेलेल्या माणसाच्या कमरेचा होता. 27 एप्रिल 1959 च्या दुपारी नेपियन सी रोडच्या बाजूच्या ‘जीवनज्योत’ इमारतीत प्रेम आहुजा आंघोळ करून बाहेर आला, तीन गोळ्या लागून पडला, आणि कमरेचा टॉवेल मात्र सुटला नाही. नौदलाचे कमांडर कावस नानावटी म्हणत होते, आमची झटापट झाली आणि तीत रिव्हॉल्व्हर उडालं. सरकार पक्ष विचारत होता, झटापट झाली तर टॉवेल जागच्या जागी कसा? खटल्याचा अर्धा जीव त्या टॉवेलात होता. शहराने त्याचा विनोद केला आणि फुटपाथवर मांडला.

मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पुढे नोकरी लागली ती कोकणातल्या एका सत्र न्यायालयात, स्टेनो म्हणून, आणि तिथल्या ग्रंथालयात ए.आय.आर.चा 1962 चा खंड एका पावसाळी दुपारी हाती आला. सर्वोच्च न्यायालयाचा नानावटी निकाल त्यात पान 605 पासून आहे. तोवर मला हा खटला सिनेमातून माहीत होता: ‘ये रास्ते हैं प्यार के’, नंतर ‘अचानक’. निकाल वाचला आणि एक गोष्ट डोक्यात बसली ती आजतागायत निघालेली नाही. या प्रकरणात प्रेम आहुजाच्या तोंडचं एक वाक्य सगळ्या देशाला पाठ झालं होतं. नानावटींनी विचारलं, माझ्या बायकोशी, सिल्व्हियाशी, लग्न करणार का, मुलांना सांभाळणार का? त्यावर आहुजाने उद्दामपणे उत्तर दिलं, ज्या ज्या बाईबरोबर झोपलो तिच्याशी लग्न करत बसू का, अशा अर्थाचं. या उत्तराने शहराचं रक्त तापलं. पण हे उत्तर ऐकलं कोणी? खोलीत दोघेच होते. एक मेला. उरलेल्याने साक्षीत सांगितलं तेच आपल्यापर्यंत पोचलं. मेलेल्याचा शेवटचा शब्द मारणाऱ्याच्या तोंडून आला, आणि तेवढ्या शब्दावर लाखो लोकांनी मेलेल्याला दोषी ठरवलं.

तो खरंच असं बोलला असेलही. आहुजा काही सज्जन गृहस्थ नव्हता, हे कोर्टात वाचल्या गेलेल्या सिल्व्हियाच्या पत्रांवरूनही दिसतं. मला त्याची वकिली करायची नाही. मला प्रश्न पडतो तो शहराबद्दल.

बाकीचे तपशील ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. नानावटी ‘आय.एन.एस. मैसूर’वरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. बायकोने जेवणानंतर आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. त्यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचं आहे असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाच्या ऑफिसात गेले, तिथे नाही म्हटल्यावर घरी. नंतर स्वतःच पोलिसांकडे हजर झाले. घरून निघाल्यापासून गोळ्या सुटेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते. अचानक राग अनावर झाला या बचावासाठी तीन तास फार होतात, असं सर्वोच्च न्यायालयाने पुढे म्हटलं. पण त्याआधी सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ते निर्दोष असल्याचं सांगितलं होतं. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा कौल कुठल्याही विचारी माणसाला देता येणार नाही असा वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. 11 मार्च 1960 ला तिथे जन्मठेप. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती दिली. नोव्हेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. 1968 मध्ये कुटुंब कॅनडाला गेलं.

ज्यूरीचा कौल येण्याच्या कितीतरी आधी शहराचा कौल लागलेला होता. करंजियांचं ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघड उघड नानावटींच्या बाजूने लढत होतं, आणि चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता असं सांगतात. कोर्टात पांढऱ्याशुभ्र गणवेशातला, पदकं लावलेला देखणा अधिकारी उभा. पारशी समाज त्याच्या पाठीशी. पुढे कावसजी जहांगीर सभागृहात सभा झाली तर आत जागा पुरली नाही. दुसऱ्या बाजूला फाळणीत घरदार गमावून आलेला सिंधी समाज, ज्याच्याबद्दल तेव्हा मुंबईत फारसं प्रेम नव्हतं. मेलेला माणूस मोटारींचा व्यापारी, अविवाहित, पैसेवाला, बायकांत वावरणारा. कोणाला माफ करायचं आणि कोणाला नाही, हे ठरवायला शहराला पुराव्याची गरजच नव्हती.

माझ्या नोकरीत हे मी लहान प्रमाणात अनेकदा पाहिलं. साहेब निकाल सांगत तो चेंबरमध्ये, दार लावून, आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई. म्हणजे लोकांना कळण्याआधी निकाल स्टेनोला कळलेला असतो. घरी नवऱ्यापाशीही बोलायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या फाटकाशी जीपगाड्या, दोन्हीकडची माणसं, पोलिसांची गाडी. त्या गर्दीतून वाट काढत मी आत जाई तेव्हा कोण रडणार आणि कोण फटाके लावणार हे मला माहीत असे. त्यांना मात्र निकालाबद्दल शंका नसे. दोन्ही बाजूंच्या मनात तो कधीच लागलेला होता. कोर्ट विचारतं, याने हे केलं का? फाटकावरची माणसं विचारतात, हा आपला का?

एका खुनाच्या खटल्यात आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. निकाल बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. साक्षीदार फितूर झाले होते आणि ओळख परेड धड झालेली नव्हती. बाहेर पेढे वाटले गेले. दोन-तीन दिवसांनी मयताची आई नक्कल घ्यायला आली. नक्कल मराठीत होती, पण तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, “बाई, माझ्या पोराबद्दल काय लिवलंय तेवढं वाचून दाखवा.” मी पानं चाळली. मीच टाइप केलेली पानं. आरोपींबद्दल होतं, साक्षीदारांबद्दल होतं, तपासी अंमलदाराच्या चुकांबद्दल तर बरंच होतं. तिच्या मुलाबद्दल जे काही होतं ते सगळं शवविच्छेदनाच्या अहवालातलं: जखम क्रमांक एक, जखम क्रमांक दोन, लांबी, रुंदी, खोली. तो कुठे कामाला होता, कसा बोलायचा, काही नाही. तिला काय वाचून दाखवणार? मी त्याचं नाव आणि वय वाचलं. “वय बरोबर हाय,” म्हणाली ती.

निकालपत्राचा हा दोष नाही. निकालपत्र आरोपीचं असतं, कारण शिक्षा त्याला होणार. मग मेलेल्याचं काय असतं? लोकांची आठवण असते, एवढंच. आणि लोक टॉवेल विकत घेत असतील, तर तेही नसतं.

इथे माझ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. फौजदारी खटल्याचं नावच बघा: ‘के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. (गोळ्या सुटल्या तेव्हा महाराष्ट्र राज्य जन्मलेलंही नव्हतं. उच्च न्यायालयाचा निकाल मुंबई राज्यात लागला, आणि सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत 1 मे 1960 होऊन गेला.) खुनाची फिर्याद सरकार चालवतं, घरचे नाही. म्हणजे खून हा सगळ्यांविरुद्धचा गुन्हा. सगळ्यांचा गुन्हा केला, तर सगळ्यांना माफ करायचा हक्क का नसावा? लोकांनी नानावटींना माफ केलं होतं. लोकशाहीत याहून वेगळी माफी कोणती?

याचं उत्तर मला दिवाणी बाजूच्या कामातून सापडलं. अज्ञान मुलाच्या नावावर जमीन असली की पालक ती सांभाळतो, कसतो, दावा लागला तर त्याच्या वतीने कोर्टात उभा राहतो. विकता मात्र येत नाही; त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो मुलाचं हित कशात आहे हा. खुनाच्या खटल्यात सरकार मेलेल्याच्या वतीने उभं राहतं, कारण तो येऊ शकत नाही. त्याचं गाऱ्हाणं सरकारला सांभाळायला दिलेलं आहे. ते सरकारच्या किंवा आपल्या मालकीचं होत नाही. आपण ते दान कसं करणार?

आमच्या नाझर कचेरीत अलिबागकडचे एक बेने इस्रायली गृहस्थ होते. आडनाव आमच्यासारखंच ‘कर’ लागणारं, बोली आमच्याहून अस्सल कोकणी वळणाची. एकदा डबा खाताना अशाच कुठल्या निकालावरून बोलणं निघालं. ते म्हणाले, “ताई, योम किप्पूरला आम्ही दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. देव वर्षाचं सगळं माफ करतो म्हणतात. पण समजा मी तुमचे पैसे बुडवलेत. तर देव म्हणतो, माझ्याकडे काय आलास, आधी त्या ताईंकडे जा.” मी विचारलं, आणि ताई मेल्या असतील तर? “तर दहा माणसं घेऊन त्यांच्या थडग्यावर जायचं आणि सगळ्यांदेखत कबूल करायचं, मी हिचा अपराधी आहे.” हे त्यांचं मनचं नव्हतं. देवाचा अपराध आणि माणसाचा अपराध यांतला हा भेद मिश्नामध्ये आहे, आणि दहा माणसांची गोष्ट बाराव्या शतकातले पंडित मैमोनिदीस यांनी नियम म्हणून लिहून ठेवली आहे. मी पुढे विचारलं, आणि तुम्हीच मला मारलं असेल तर? त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, “मग आपल्या साहेबांकडे.”

इस्लामच्या कायद्यात वारसांना क्षमा करता येते, मोबदला घेऊन किंवा न घेता. आपल्याकडे मनुस्मृतीत म्हटलं आहे की शिक्षा भोगलेला अपराधी शुद्ध होतो, आणि राजाने चोराला शिक्षा केली नाही तर चोराचं पाप राजाला लागतं. (त्याच ग्रंथात एकाच अपराधाला जातीप्रमाणे वेगवेगळा दंड सांगितला आहे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला तो जाळला गेला तो उगाच नव्हे. पण पाप राजाला लागतं हा विचार ठेवून घ्यावा असा आहे.) रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते: नारायणरावांच्या खुनाला प्रायश्चित्त काय, असं राघोबादादांनी विचारलं आणि शास्त्रीबुवा म्हणाले, देहान्त. राघोबा पेशवा होऊन बसला होता आणि पुण्यात त्याच्या बाजूची माणसं होतीच. त्यांना काय वाटतं, हे शास्त्रीबुवांनी विचारल्याचं कोणी सांगत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत खोल वाटते ती अंगुलिमालाची कथा. डॉ. आंबेडकरांनी ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्येही घेतली आहे. आपण ती अर्धीच सांगतो: माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, बुद्ध समोर जातात, तो शस्त्र टाकतो, भिक्खू होतो. टाळ्या. मज्झिम निकायातल्या सुत्तात पुढे बरंच आहे. लोक राजवाड्याच्या दाराशी जमून ओरडा करतात, त्याला पकडा म्हणून. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन निघतो, वाटेत बुद्धांकडे येतो, आणि शेजारी बसलेला भिक्खू अंगुलिमालच आहे हे कळल्यावर आधी घाबरतो, मग हात जोडतो. म्हणजे राज्याची माफी झाली. त्यानंतर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो. कुणी भिरकावलेलं ढेकूळ, कुणाची काठी, कुणाची खापरी त्याच्या अंगावर येऊन पडते. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, असा तो परत येतो. बुद्ध त्याला काय सांगतात? सहन कर. ज्या कर्माचं फळ तुला नरकात कितीतरी काळ भोगावं लागलं असतं, ते तू इथे, याच जन्मी भोगतो आहेस.

मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे. ढेकूळ मारणाऱ्यांना बुद्ध शाबासकी देत नाहीत. पण श्रावस्तीत जाऊन, बाबांनो, आता याला क्षमा करा, असंही ते सांगत नाहीत. ज्यांचे भाऊ, बाप, मुलं गेली होती त्यांच्या वतीने क्षमा वाटून टाकायचा अधिकार साक्षात बुद्धांनी घेतला नाही. बदललेल्या माणसालाही त्यांनी सांगितलं ते सोसायलाच.

आता नानावटींची माफी यापुढे ठेवून बघा. श्रावस्तीत माणूस बदलला होता, राजाने सोडलं होतं आणि ढेकळं अंगावर पडत होती. मुंबईत आरोपी शेवटपर्यंत अपघात म्हणत होता, खुनाची कबुली कधी आली नाही, आणि लोकांच्या शुभेच्छा त्याच्या पाठीशी होत्या.

1964 च्या माफीत मात्र एक चांगली गोष्ट घडली, ती लोक विसरतात. आहुजाची बहीण मॅमी हिने आपली हरकत नसल्याचं लिहून दिलं. ज्यांनी खटल्यात तिच्या वतीने लक्ष ठेवलं त्या राम जेठमलानींकडेच तिची संमती मिळवायची विनंती गेली होती. भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्याला आयात परवान्यांच्या प्रकरणात झालेली शिक्षाही त्याच सुमारास माफ झाली, म्हणजे दोन्ही समाजांचं समाधान. यात राजकारण किती आणि करुणा किती याचा हिशेब मला मांडता येणार नाही. तरी सरकारला मॅमीचं दार ठोठावावंसं वाटलं, हे महत्त्वाचं आहे. मेलेल्याच्या वतीने तीही पूर्ण क्षमा करू शकत नव्हती. पण भाऊ गमावला होता तो तिने, आणि त्या दुःखापुरती क्षमा तिच्या हातात होती. एवढ्या मोठ्या गदारोळात हे एकच पत्र योग्य पत्त्यावरून आलं.

नंतरच्या काळात आपण तेवढंही पाळलं नाही. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो प्रकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला आणला, जानेवारी 2008 मध्ये इथल्याच विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. 15 ऑगस्ट 2022 ला गुजरात सरकारने त्यांना सोडलं. तुरुंगाबाहेर मिठाई भरवली गेली, हार घातले गेले. जिच्यावर अत्याचार झाला, जिच्या डोळ्यांदेखत माणसं मारली गेली, ती हयात होती, तिला पत्ता होता, तिला कोणी विचारलं नाही. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून निर्णय घ्यायचा तर महाराष्ट्र सरकारने, असं कायद्याचं कारण होतं. कायदा अधिकाराबद्दल बोलला, ते त्याचं काम. पण ते हार घालणारे हात कोणाच्या वतीने हार घालत होते?

राज्यपालांचा माफीचा अधिकार काढून घ्यावा असं मी म्हणत नाही. तो घटनेत आहे आणि असावा; कायद्याला जिथे दया दाखवता येत नाही तिथे कोणीतरी दाखवायला हवी. निकालाबद्दल लोकांनी गप्प बसावं असंही नाही. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गडचिरोलीकडच्या एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराचे आरोपी सोडले, तेव्हा 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तो लोकांचा आवाज होता, आणि तो जिचं ऐकलं गेलं नव्हतं तिच्यासाठी होता. 1959 चा आवाज ज्याला बोलताच येणार नव्हतं त्याच्या विरुद्ध होता. दोन्हींना ‘जनमत’ म्हटलं की फरक पुसला जातो.

नानावटी खटल्यामुळे देशातली ज्यूरी गेली असं म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. विधी आयोगाने 1958 मध्येच ती बंद करायची शिफारस केली होती. पण मला त्या ज्यूरीचा राग नाही, तिचं आश्चर्य वाटतं. त्या नऊ जणांना विचारलं होतं, या माणसाने खून केला का? आठ जणांनी उत्तर दिलं, आम्ही याला माफ करतो. विचारलं एक, सांगितलं भलतंच, आणि जे सांगितलं ते त्यांच्या हातात नव्हतं. मला विचाराल तर त्या दिवशी मुंबईच्या सत्र न्यायालयात नेमून दिलेलं काम करणारा ज्यूरर एकच होता, ज्याने आठांविरुद्ध मत दिलं तो.